मी लिहून दिलेला शेरा

वडिलांच्या उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आधी नुसता अंगठा हलायचा. मग चहा बशीत सांडायला लागला आणि आई त्यांना पेल्यात चहा द्यायला लागली, तोही अर्धाच. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. बाबा कचेरीत बडे बाबू होते, म्हणजे हेडक्लार्क. ज्याचा हात चालत नाही अशा बडे बाबूला नव्या राज्यात कोण ठेवून घेणार, हे आम्हाला न बोलताही कळत होतं.

ते दिवसच तसे होते. आमच्या घराण्याच्या चार पिढ्या दरबारच्या कचेऱ्यांत लेखणी चालवण्यात गेल्या होत्या. मग संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत आला. सरकार उन्हाळ्यात इंदूरला जायचं, थंडीत ग्वाल्हेरला यायचं. बाबांचं खातं इथेच राहायचं, पण त्याचे कागद पेट्यांत भरून सारखे ये-जा करायचे. आठ वर्षं ही बांधाबांध चालली. तिची सवय होते न होते तोच कळलं, की मध्यभारतही जाणार, राजधानी भोपाळला होणार, आणि चार ठिकाणची नोकरमंडळी एकाच यादीत बसवायची आहेत. जे बसणार नाहीत त्यांच्यासाठी कचेरीत एक हिंदी शब्द होता, छँटनी. तो शब्द आमच्या मराठी घरातही येऊन बसला. बाबा संध्याकाळी घरी आले की आई पाणी देताना विचारायची, "छँटनीचं काही कळलं?" आणि ते नुसती मान हलवायचे.

त्या वर्षी भाद्रपदात बाबांना त्यांच्या हाताखालच्या सगळ्या माणसांच्या चरित्रावल्या लिहून द्यायच्या होत्या. चरित्रावली म्हणजे माणूस कसा आहे, काम कसं करतो, याबद्दल वरिष्ठाने लिहिलेला गुप्त शेरा. यादीत कोण राहणार हे बरंचसं त्यावर ठरणार होतं. बाबांना तो कागद स्वतः लिहिता येईना. एका रविवारी दुपारी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि दौत-टाक माझ्यापुढे सरकवला.

"मी सांगतो, तू लिही. खाली सही मी करीन. बाहेर एक अक्षर बोलायचं नाही."

आयुष्यात त्यांनी कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. गुप्त कागद मुलाकडून लिहून घेताना त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. ते खिडकीशी पाठमोरे उभे राहून सांगायचे आणि मी लिहायचो. कचेरीचं काम हिंदीत, त्यामुळे ते हिंदीत सांगायचे. परिश्रमी. समयनिष्ठ. कार्य संतोषजनक. एकेका माणसाला एक पान.

दुसऱ्या रविवारी दफ्तरकाकांचं पान आलं.

हे कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीचे मुख्य होते. त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी फौजेत होते, हे मात्र लहान चणीचे, चष्मेवाले, हळू बोलणारे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना सुट्टीत बाबांबरोबर कचेरीत जायचो, तेव्हा त्यांनीच मला जवळ बसवून अक्षर वळवून दिलं होतं. थोडी मोडीही शिकवली होती. खोलीत हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि कुठला कागद कुठल्या रुमालात आहे हे त्यांना तोंडपाठ. दफ्तरकाका हे नाव मीच ठेवलं होतं आणि घरात सगळे तेच म्हणायचे.

"कार्य उत्तम," बाबा म्हणाले. "अभिलेखों का ज्ञान असाधारण." मग ते थांबले. मला वाटलं पान संपलं, म्हणून मी टीपकागद घेतला.

"थांब. लिही. आचरण संदेहास्पद. नवीन राज्य की सेवा में रखना उचित प्रतीत नहीं होता."

माझा टाक वरच राहिला. "आचरण म्हणजे? काय केलं त्यांनी?"

"तुला काय करायचंय? लिही."

"पण बाबा..."

ते वळले. "त्या वह्या बांधणाऱ्या जिल्दसाजाबरोबर राहतो तो. नई सडकेवर. दोन पुरुष, एका खोलीत, इतकी वर्षं. लग्न नाही, बायको नाही. सगळ्या लष्कर भागाला माहीत आहे. तसला माणूस आहे तो. घाण आहे ती. कायद्यानेही गुन्हा आहे. आता लिही."

मी लिहिलं. हे मला आज सांगायला हवं, की माझा हात थरथरला नाही. अक्षर आधीच्या पानांइतकंच नीट आलं. मी पंधरा वर्षांचा असल्यापासून स्वतःबद्दल मला जे माहीत होतं त्याला तोवर माझ्याकडे शब्द नव्हता. वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाच्या मानेकडे बघत मी दोन वर्षं काढली होती आणि मला वाटायचं, असा जगात मी एकटाच. त्या दुपारी दोन गोष्टी एकदम कळल्या. मी एकटा नाही, आणि अशा माणसाला काय म्हणतात. खाली बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली.

थंडी पडली तोवर राज्य बदललं होतं. कागदांचे ट्रक स्टेशनकडे जात होते. दफ्तरकाकांना छँटनीचा कागद मिळाला. त्यांच्या हाताखालच्या दोघांना मिळाला नाही. त्यानंतर आठ दिवसांनी ते आमच्या घरी आले. हातात एक जाड वही होती.

"बडे बाबू, ही रुमालांची यादी. मी माझ्यापुरती केली होती. भोपाळला गेल्यावर कोणाला काही सापडणार नाही, म्हणून तुमच्याकडे देतो."

बाबा उभेच होते. त्यांनी वही घेतली आणि टेबलावर ठेवली. बसा म्हणाले नाहीत. आईनेच पाट दिला आणि चहा आणला. दफ्तरकाकांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली, चहा घेतला, आईला नमस्कार केला. मी त्यांना पोहोचवायला जिन्याखाली गेलो. चप्पल घालताना ते सहज म्हणाले, "अक्षर सुंदर झालंय तुझं."

मला कळेना, त्यांनी माझं अक्षर कधी पाहिलं. मग कळलं. भोपाळला जाणारे सगळे गठ्ठे, चरित्रावल्यांसकट, त्यांच्याच हातून बांधले गेले होते. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही दिसला नाही. ते मफलर गुंडाळून निघून गेले. मी वर आलो तेव्हा बाबा आईला सांगत होते, "तो कप वेगळा ठेव. आपल्यात नको मिसळूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गच्चीवर उन्हात बसले होते. मी जाऊन पुढ्यात बसलो. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"दफ्तरकाकांबद्दल तुम्ही जे सांगितलंत," मी म्हणालो, "ते माझ्याबद्दलही खरं आहे."

"म्हणजे?"

"मीही तसलाच आहे."

त्यांना पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गच्चीच्या कठड्याकडे पाहत राहिले. शेजारच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती.

"त्याने तुला काही केलं का? लहानपणी? कचेरीत?"

"नाही बाबा. त्यांनी मला अक्षर शिकवलं."

"मग हे कुठून आलं?"

"मला माहीत नाही."

"आईला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस," ते म्हणाले आणि उठून खाली गेले. जिन्यात त्यांचा पाय अडखळला, पण मी धरायला गेलो तर त्यांनी हात झटकला.

नंतरचे दोन महिने आमच्यात मोजकंच बोलणं झालं. जेव, दार लाव, दिवा मालव. एकदा ते मला पडाव भागातल्या एका वैद्याकडे घेऊन गेले. सायकल हातात धरून आम्ही अख्खा रस्ता चालत गेलो, एक शब्द न बोलता. वैद्याला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, मला बाहेर बसवलं होतं. त्याने चूर्णाच्या पुड्या दिल्या, गार पाण्याने अंघोळ सांगितली, उडीद बंद सांगितले. रोज सकाळी बाबा विचारायचे, "घेतलंस?" मी "हो" म्हणायचो. पुडी मोरीत जायची. महिनाभराने एक दिवस तेच म्हणाले, "राहू दे ते चूर्ण. मी त्याला विचारलं, आजवर किती जणांना गुण आला. तो म्हणाला, परत कोणी येतच नाही, म्हणजे बरेच झाले असतील." मग स्वतःशीच म्हणाले, "मूर्ख माणूस."

ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांखाली झोप न झाल्याची काळी वर्तुळं होती आणि हात आता मांडीवर ठेवला तरी हलत होता.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "कपडे घाल. नई सडकेला जायचंय."

जिल्दसाजाचं दुकान चिंचोळं होतं. खाली खळीचा वास, चामड्याचे तुकडे, टाके घालायला टांगलेल्या वह्या. जिल्दसाज हा उंच, दाढीचे खुंट वाढलेला, हिंदी बोलणारा माणूस. कचेरीची रजिस्टरं बांधायला बाबांनी किती वर्षं त्याच्याकडे पाठवली होती, पण दुकानाची पायरी ते पहिल्यांदा चढत होते. तो गडबडून उठला. "बडे बाबू, आप?" मग त्याने वर हाक मारली.

वरची खोली मी नीट पाहिली, कारण तशी खोली मी मनात कधी आणूच शकलो नव्हतो. दोन खाटा, मध्ये एक लाकडी पेटी, पेटीवर दोघांच्या चष्म्यांची घरं. कोनाड्यात देव. दोरीवर धोतर आणि पायजमा शेजारी शेजारी वाळत. इतकंच. दफ्तरकाका तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि आम्हाला खाटेवर बसायला सांगितलं.

बाबा बसले. मला वाटलं ते माफी मागतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"माझा मुलगाही..." ते म्हणाले आणि थांबले. "तुम्हाला यातलं कळतं. यातून सुटायचं असेल तर माणसाने काय करावं?"

दफ्तरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मी लग्नही केलं होतं, बडे बाबू," दफ्तरकाका म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही. ती वर्षभराने माहेरी गेली ती गेलीच. तिचं आयुष्य माझ्यामुळे फुकट गेलं. तो एवढा एकच उपाय मी करून पाहिला. दुसरा मला माहीत नाही."

"पण लोक काय म्हणतील? कसं जगायचं त्याने?"

"लोक म्हणजे कोण?" त्यांचा आवाज चढला नाही. "खालचा पानवाला मला रोज नमस्कार करतो. मालकाने बारा वर्षांत खोली सोडा म्हटलं नाही. माझ्यापुरते लोक म्हणजे तुम्हीच होतात."

बाबा अगदी हळू म्हणाले, "त्या खोलीतल्या तिघांतून एकाला काढा, असं वरून तोंडी आलं होतं. कोणाला काढलं तरी पाप. तुम्हाला काढणं सोपं होतं. तुमच्याबद्दल लिहिताना मला वाईट वाटणार नव्हतं."

"ठाऊक आहे," दफ्तरकाका म्हणाले. "बावीस वर्षं हाताखाली काम केलंय तुमच्या."

जिल्दसाज चहा घेऊन वर आला. बाबांचा हात हलताना पाहून त्याने पेला अर्धाच भरला, आमच्या आईसारखा. बाबांनी तो घेतला. प्यायला वेळ लागला, पण संपवला.

परतताना रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "तुझ्याकडून लिहून घ्यायला नको होतं मी."

त्यांनी पुढे जे केलं ते शौर्याने केलं असं मला वाटत नाही. थकून केलं. होळीनंतर त्यांचीही भोपाळला बदली झाली. तिथे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, की अमुक कर्मचाऱ्याच्या आचरणाबद्दल मी दिलेला शेरा निराधार होता, तो रद्द धरावा. अर्ज मी नंतर त्यांच्या पेटीतल्या नकलेत पाहिला. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळी घसरलेल्या. साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत? बाबा म्हणाले, हो. साहेबांनी कागदावरचं अक्षर पाहिलं, मग त्यांचा हात पाहिला. दफ्तरकाकांना नोकरी काही परत मिळाली नाही. यादी बंद झाली होती, असं उत्तर आलं. बाबांना मात्र मुदतीच्या आधी निवृत्त व्हायला सांगितलं. त्यांच्या चरित्रावलीत काय लिहिलं गेलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

ते ग्वाल्हेरला परत आले तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. एक ट्रंक, एक वळकटी. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "भोपाळला त्यांना रुमाल सापडत नाहीत. वही कोणी उघडूनही पाहिली नाही." दफ्तरकाका तोवर दुकानात वह्या शिवायला लागले होते. बाबा कधीकधी तिकडे जायचे, पायरीवर बसायचे आणि कचेरीतल्या मेलेल्या माणसांबद्दल दोघे बोलायचे. वर खोलीत मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. वर जाणं त्यांना जड जायचं, आणि ते गुडघ्यांमुळे नव्हे.

मला शिक्षण खात्यात नोकरी लागली. मुली सांगून यायला लागल्या, तेव्हा आई हरखली होती. बाबांनी प्रत्येक पत्राला एकच उत्तर माझ्याकडून लिहून घेतलं, "मुलाचा विवाहाचा विचार नाही." आईने रडून विचारलं, का? ते म्हणाले, "नाही म्हणतोय ना तो." आई गेली तोपर्यंत तिला यापेक्षा जास्त कोणी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढे मला थाटीपुरात सरकारी क्वार्टर मिळालं. बाबा माझ्याकडेच राहायचे. रविवारी माझा एक मित्र यायचा. मुरारच्या एका शाळेत गणित शिकवायचा तो, घरी आई आणि दोन बहिणी. तो आला की बाबा पेपर उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे आणि तो जाईपर्यंत आत यायचे नाहीत. त्यांना किळस येत असावी, असं मी धरून चाललो होतो. विचारायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. त्यांच्याकडून याहून जास्त मागायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

असं दोन वर्षं चाललं. मग एका माघातल्या रविवारी फार गारठा होता, धुकं दुपारपर्यंत हटलं नाही. माझा मित्र उठला आणि बाहेर गेला. "काका, आत चला. इतक्या ठंडीत काय बसलात?" त्याचं मराठी असंच होतं, अर्धं हिंदी.

बाबा आत आले. शाल गुंडाळून खुर्चीवर बसले. मी स्टोव्ह पेटवायला उठलो.

"तुमच्या घरी माहीत आहे?" बाबांनी त्याला विचारलं. माझ्याकडे न बघता.

तो घाबरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "नाही."

"सांगणार आहात?"

"जमणार नाही काका. बहिणींची लग्नं व्हायची आहेत."

बाबांनी मान हलवली. हलणारा हात त्यांनी शालीत घेतला. "मला हे पटतं असं समजू नका," ते म्हणाले. "मला अजून झोप येत नाही कधीकधी. पण इथे येत जा. बाहेर उगाच फिरू नका दोघं, लोक बघतात. इथे या."

त्यानंतर ते ओट्यावर गेले नाहीत. खुर्चीतच पेपर वाचायचे, आणि वाचता वाचता त्यांचा डोळा लागायचा. माझा मित्र त्यांच्या मांडीवरचा पेपर हळूच काढून घडी घालून ठेवायचा. पुढे त्याच्या आईने त्याचं लग्न ठरवलं आणि त्याने ते केलं. बाबांनी लग्नाची पत्रिका हातात घेऊन दोनदा वाचली आणि विचारलं, "मुलीला सांगितलंय का त्याने?" मी नाही म्हटलं. "मग तू जाऊ नकोस," ते म्हणाले. आम्ही कोणीच गेलो नाही. लग्नाच्या रविवारी पोळ्या मी केल्या, भाजी त्यांनी निवडली, आणि जेवून आम्ही दोघंही दुपारभर झोपलो.